वेगावरून वय? तपकिरी बटूंबद्दल एक प्रश्न

केप्याची_काजू

परवा पणजीत एका व्याख्यानाला गेले होते. विषय ब्राऊन ड्वार्फ, म्हणजे तपकिरी बटू. वक्ते छान बोलले. पण शेवटी शेवटी एक वाक्य सहज टाकून गेले, की या वस्तूंचं वय सांगणं महाकठीण, तरी अवकाशातल्या त्यांच्या गतीवरून अंदाज बांधता येतो. त्यावर लगेच आभारप्रदर्शन आणि चहा. प्रश्न विचारायला सवड मिळालीच नाही, म्हणून इथे विचारते.

गतीवरून वय कसं काय? म्हातारं झालं की चाल मंदावते म्हणावं, तर तिथे म्हणे उलटंच आहे, जुनी मंडळी जास्त पळतात. अवकाशात ढकलायला कोण बसलंय? आणि मुळात वय सांगणं इतकं अवघड का? ताऱ्यांचं तर सांगतात की.

जाणकारांनी उजेड पाडावा. समीकरणं चालतील, पण बेताने.

रात्रपाळी

पत्रिका मागवून घ्या. जन्मवेळ नसेल तर प्रश्नकुंडली.

भिवपाची_गरज_ना

बसलोय चणे घेऊन. मास्तर कुठे आहेत?

डिचोलीचा_मास्तर

आलो. काजूताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की बाकीचं सोपं जातं.

ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजन जळतो. तो पुरेल तोवर ताऱ्याचं तेज बऱ्यापैकी स्थिर राहतं आणि संपत आला की तारा फुगतो, लाल होतो. त्या खुणांवरून वय काढता येतं. तपकिरी बटूचं वस्तुमान गुरूच्या साधारण ७५ ते ८० पटींच्या खाली असतं. एवढ्या वजनाने गाभा हायड्रोजन कायम जळत ठेवण्याइतका तापत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शिव कुमार या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने हे गणित मांडलं. प्रत्यक्ष सापडायला मात्र १९९५ उजाडलं. त्या वर्षी कृत्तिकांमधला तेइदे १ आणि ग्लीझ २२९ या ताऱ्याचा जोडीदार असे दोन हाती लागले.

आता गोची बघा. जन्माच्या वेळी आकुंचन पावताना जी उष्णता मिळाली, ती बटू जन्मभर फक्त गमावत असतो. म्हणजे तो सतत थंड होत जातो. आज तुम्हाला १५०० केल्विनचा एक बटू दिसला, तर तो हलका आणि तरुण आहे की जड आणि म्हातारा? तापमान दोन्हींचं सारखंच. वय कळलं तर वस्तुमान काढता येतं, वस्तुमान कळलं तर वय. दोन्ही ठाऊक नसेल तर बसा डोकं धरून.

सुटका होते ती काही नशीबवान बटूंची. कुणाला वय माहीत असलेल्या ताऱ्याचा शेजार मिळतो, कुणी कृत्तिकांसारख्या गुच्छात असतो, कुणाच्या वर्णपटात लिथियम टिकलेलं दिसतं, म्हणजे वस्तुमान गुरूच्या ६०-६५ पटींखाली किंवा वय फारच कोवळं. सूर्यासारखे तारे वयानुसार स्वतःभोवती फिरण्यात मंदावतात, त्यावरूनही वय काढतात. पण बटूंच्या बाबतीत ती युक्ती चालत नाही, ते म्हातारपणीही गरगर फिरत असतात. उरलेले सगळे एकटेच भटकणारे, ना शेजार ना गुच्छ. त्यांच्यासाठी ही गतीची वाट.

ती सांगतो सावकाश. इथे लाईट गेली आहे आणि इन्व्हर्टर आता रामनाम म्हणतोय.

भिवपाची_गरज_ना

अरे देवा. नेमक्या जागी क्रमशः.

निळा_पेट्रोमॅक्स

मास्तरांची लाईट येईतो मी गाडा पुढे ढकलतो.

रायबंदरहून चोडणला फेरीबोट लागते ते डोळ्यांसमोर आणा. पट्टी खाली पडली की सगळे एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने बाहेर पडतात. थोड्या वेळाने पाहिलं तर कोण पक्षी बघायला अभयारण्याकडे, कोण घरी, कोण टपरीवर उभा, कोण स्कूटर भरधाव सोडून गायब. नुसती चाल बघूनसुद्धा तुम्ही सांगाल की हा घोळका उतरून बराच वेळ झालाय.

तारे आणि बटू जन्मतात ते आकाशगंगेच्या तबकडीतल्या थंड वायूच्या ढगांत. त्या वायूची चाल शिस्तीची, सगळा जवळपास वर्तुळाकार कक्षेत फिरतो, वरखाली फार हलत नाही. नवजात बटूलाही तीच शिस्त मिळते. पण सूर्याच्या अंतरावर आकाशगंगेची एक फेरी म्हणजे २२-२५ कोटी वर्षं. अशा फेऱ्या मारताना वाटेत लाखो सूर्यांच्या वजनाचे रेणूंचे ढग भेटतात, सर्पिल भुजा भेटतात. प्रत्येक भेटीत गुरुत्वाकर्षणाचा एक बारीकसा हिसका. कधी पुढे, कधी मागे, कधी वर. हिसके कुठल्याही दिशेचे असले तरी त्यांची बेरीज साचत जाते, आणि घोळक्यातल्या वेगांचा फैलाव वाढतो. स्पिट्झर आणि श्वार्झशिल्ड यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ढगांची ही कल्पना मांडली होती. तबकडीला काटकोनातल्या, म्हणजे वरखाली जाणाऱ्या वेगाचा फैलाव तरुण ताऱ्यांत सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास, आणि कित्येक अब्ज वर्षांच्या ताऱ्यांत २० च्या वर.

तर काजूताई, ढकलायला हे ढग बसलेत.

चोडणकर

फेरीतून उतरून आम्ही टपरीवर उभे राहतो हे बरोबर. पण तुमचा दाखला लंगडा आहे. फेरीवाले स्वतःच्या मर्जीने वेगळे होतात, ताऱ्यांना कुठे जायचंय ते माहीत नसतं. शिवाय तुम्ही जागा फाकलेली दाखवताय, मुद्दा वेगाचा आहे. एकाच वेगाने चालणारे दोघेही कालांतराने लांब दिसू शकतात, जर एक आधी निघाला असेल.

आणि संध्याकाळी त्या फेरीला किती रांग असते ते बघायला या एकदा, फैलाव वगैरे विसराल. सगळे स्थिर.

निळा_पेट्रोमॅक्स

मान्य, म्हणून तर "नुसती चाल बघून" असं लिहिलं. पण मर्जीचा मुद्दा खरा.

तिखट_रॉस

एक शंका. भौतिकशास्त्रात शिकलो होतो की धक्काबुक्की झाली की हलक्याला वेग जास्त मिळतो, जड्याला कमी. बटू तर ताऱ्यांपेक्षा कितीतरी हलके. मग त्यांचा फैलाव वयामुळे नाही, हलकेपणामुळे जास्त दिसत असेल. ताऱ्यांची मोजपट्टी त्यांना लावणार कशी?

डिचोलीचा_मास्तर

लाईट आली. तिखट_रॉस, प्रश्न मार्मिक आहे, वर्गात असता तर पुढच्या बाकावर बसवलं असतं.

तुम्ही म्हणता ते दाट गुच्छात खरं आहे. तिथे तारे एकमेकांना धक्के देतात, हलके बाहेरच्या बाजूला सरकतात, काही तर गुच्छ सोडून निघून जातात. पण आपल्या आसपासच्या तबकडीत तारे इतके विरळ आहेत की ताऱ्याने ताऱ्याला दिलेला धक्का नगण्य. तो हिशोब मांडला तर परिणाम दिसायला विश्वाच्या वयापेक्षा जास्त काळ लागतो. इथे धक्के देणारा आहे लाखो सूर्यांचा ढग. त्याच्यापुढे सूर्य काय आणि सूर्याच्या वीस-तिसाव्या हिश्श्याचा बटू काय, दोघेही किरकोळच. गुरुत्वाकर्षणात दोघांना त्वरण सारखंच मिळतं. म्हणून ताऱ्यांवरून बनवलेला वय आणि फैलाव यांचा संबंध बटूंना जसाच्या तसा लावता येतो. या पद्धतीचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

रात्रपाळी

आता माझी खरी हरकत. ताऱ्यांचं वय मॉडेलवरून, त्यावरून फैलावाचं समीकरण, ते समीकरण बटूंना, आणि त्यातून बटूंचं वय. अंदाजाच्या पाठीवर अंदाज बसलाय. वेर्ण्याला आमच्या प्लांटमध्ये असं कॅलिब्रेशन केलं तर ऑडिटवाला बाहेर काढेल.

निळा_पेट्रोमॅक्स

ऑडिटवाल्याकडे प्रमाणित वजन असतं, इथे ते कुणाकडेच नाही. आहे त्यातलं बरं घ्यायचं.

पेडण्याची_पोर

मी या विषयात शिकलेली नाही, पण हौसेने थोडं काम केलंय, म्हणून लिहिते. आपल्याकडे मृगापासून चार महिने आकाश दिसतच नाही. दुर्बीण कपाटात, बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून. त्या दिवसांत मी बॅकयार्ड वर्ल्ड्स या नासाच्या पाठबळावर चालणाऱ्या लोकसहभागाच्या प्रकल्पात चित्रं तपासते. तो २०१७ साली सुरू झाला. वाइझ उपग्रहाने वेगवेगळ्या वर्षी अवरक्तात टिपलेली आकाशाच्या एकाच तुकड्याची चित्रं एकामागून एक लुकलुकवतात. नव्याण्णव टक्के वेळा नुसता गोंधळ दिसतो, तेजस्वी ताऱ्यांभोवतीचे काटे, भुतासारखे गोल डाग. मधेच एखादा बारीक नारिंगी ठिपका या चित्रात इथे, पुढच्यात केसभर बाजूला. तो सरकला की अंगावर काटा येतो हो, खोटं नाही सांगत. मग यादी उघडून बघायचं, आधी कुणाला सापडलाय का. बहुतेकदा सापडलेला असतो.

त्यातून एक गोष्ट लक्षात आली. आम्हाला सापडतात ते सरकणारेच. जो आमच्याकडे सरळ येतोय किंवा अगदी हळू हलतोय तो नजरेतून सुटतो. मग अशा यादीवरून फैलाव काढला तर सगळी जमात आहे त्यापेक्षा म्हातारी निघणार ना?

डिचोलीचा_मास्तर

शाब्बास पोरी. अगदी हेच. वेगावरून निवडलेल्या नमुन्यातून वेगाचा फैलाव काढणं म्हणजे आधीच लबाडी. म्हणून गंभीर काम करणारे अंतराची मर्यादा घालतात. उदाहरणार्थ २० पार्सेक, म्हणजे ६५ प्रकाशवर्षांच्या आतले शक्य तेवढे सगळे घ्यायचे, पळणारे आणि रेंगाळणारेही.

दुसरी अडचण मोजमापाची. आकाशात आडवं सरकणं, म्हणजे स्वगती, चित्रांवरून मिळते. ती अंतराशी गुणली की आडवा वेग. पण आपल्याकडे येणारा किंवा दूर जाणारा वेग वर्णपटावरून काढावा लागतो, आणि टी प्रकारचे बटू (तापमानानुसार उतरत्या क्रमाने एम, एल, टी असे प्रकार पाडतात) इतके अंधुक की त्यासाठी हवाईतल्या केक वेधशाळेसारखी दहा मीटरची दुर्बीण आणि अवरक्त वर्णपटमापक हवा. तिन्ही दिशांचे वेग मिळाले की त्यातून सूर्याची स्वतःची चाल वजा करायची, नाहीतर आपलीच धावपळ त्यांच्या नावावर पडते. गाया उपग्रहाने अंतरांचं काम सोपं केलं खरं, पण तो दृश्य प्रकाशात बघायचा, सर्वांत थंड बटू त्याला दिसलेच नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये त्याची निरीक्षणंही थांबली.

तिखट_रॉस

आणि नमुन्यात किती लागतात?

निळा_पेट्रोमॅक्स

पंचवीस बटू असतील तर फैलावातच १४ टक्क्यांची चूक गृहीत धरा. वय वाढतं तसा फैलाव साधारण वर्गमुळासारखा किंवा त्याहून थोडा हळू वाढतो, म्हणजे वयातली चूक दुप्पट किंवा जास्त. त्यात एखादा परगावचा म्हातारा घुसला की सगळं गणित फिसकटतं. २०१५ मध्ये एल प्रकारच्या बटूंचं सरासरी वय साडेसहा अब्ज वर्षं निघालं होतं आणि जरा उबदार असलेल्या एम प्रकाराच्या शेवटच्या टोकाचं चार अब्ज. लोक चक्रावले. २०२१ पर्यंत नमुना वाढला, काही विचित्र निळसर एल बटू बाजूला काढले, आणि एल गट चार अब्जांच्या आसपास आला. टी गट साडेतीन अब्जांजवळ.

रात्रपाळी

म्हणजे पटत नव्हते ते बाजूला काढले आणि उत्तर पटलं. धन्य.

निळा_पेट्रोमॅक्स

तसं नाही रे. ते निळसर बटू वर्णपटावरूनच वेगळे ओळखू येतात, धातू कमी असलेले, जुन्या पिढीतले असावेत असे. वेग बघून नाही काढले.

रात्रपाळी

ठीक. अर्धं पटलं.

भिवपाची_गरज_ना

रात्रपाळीला अर्धं पटलं! या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा कुणीतरी.

चोडणकर

विषयांतर. पूर्वी आमच्या अंगणातून दुधाळ पट्टा दिसायचा. आता मांडवीतल्या कॅसिनोंचा उजेड ढगावर आपटून परत येतो. मास्तर, डिचोलीला बरं असेल?

डिचोलीचा_मास्तर

खाणी थंडावल्या तेव्हा धूळ कमी झाली होती. उजेड मात्र सगळीकडचा वाढला. काळोख हवा तर सत्तरीत आत जा, नाहीतर नेत्रावळीकडे.

पेडण्याची_पोर

आमच्याकडे मोपा विमानतळ झाल्यापासून पूर्वेचं क्षितिज गेलं. असो.

वाळपईचो_भुरगो

धागा वाचून काढला. एक वाट कुणी सांगितलीच नाही, तीही गतीचीच आहे आणि एकेकट्या बटूला लागू पडते.

सप्तर्षी घ्या. मरीची आणि क्रतू ही दोन टोकं सोडली तर मधले पाच, वसिष्ठ, अंगिरस, अत्री, पुलस्त्य, पुलह, हे खरोखरच एका दिशेने, एका वेगाने चाललेत. रिचर्ड प्रॉक्टरने हे १८६९ मध्ये दाखवलं. हे पाच आणि आकाशभर विखुरलेले त्यांचे आणखी काही सोबती एकाच ढगात, सुमारे ४०-५० कोटी वर्षांपूर्वी जन्मले. गुच्छ सुटला तरी चाल अजून एकच आहे. असे अनेक गट आहेत. बीटा पिक्टोरिस गट दोन-अडीच कोटी वर्षांचा, एबी डोराडस गट साधारण १२ ते १५ कोटींचा.

आता एखाद्या एकट्या बटूचे तिन्ही दिशांचे वेग आणि जागा अशा गटाशी जुळल्या, तर गटाचं वय तेच त्याचं वय. बॅन्यन नावाचं साधन यासाठीच आहे, आकडे घाला आणि ते सांगतं की अमुक गटाचा असण्याची शक्यता इतकी टक्के. २०१३ मध्ये केविन लुहमनने शोधलेली, फक्त साडेसहा प्रकाशवर्षांवरची बटूंची जोडी आहे, लुहमन १६. दहा वर्षांनी ती अशाच एका गटात बसली, वय सुमारे ५० कोटी वर्षं. इथे चूक अब्जांत नाही, कोटींत मोजायची.

केप्याची_काजू

वा! हे तर व्याख्यानात आलंच नव्हतं. पण योगायोगाने कुणाचा वेग जुळला तर?

वाळपईचो_भुरगो

होतं तसं, उपरे घुसतात. म्हणून वर्णपटात तारुण्याच्या खुणा बघतात. कोवळा बटू अजून फुगलेला असतो, पृष्ठभागावर गुरुत्व कमी, त्यामुळे सोडियम-पोटॅशियमच्या रेषा फिक्या पडतात. दोन्ही जुळलं तरच पंगतीत पान.

केप्याची_काजू

आता सरळ विचारते. मला कुणी एकच बटू दिला, गटात न बसणारा, आणि त्याचा वेग सांगितला, तर मी वय सांगू शकते की नाही? वाइझ ०८५५ घ्या, व्याख्यानात त्याचं नाव आलं होतं. स्वगती वर्षाला ८.१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), अंतर २.२८ पार्सेक असं लिहून घेतलंय.

डिचोलीचा_मास्तर

काढूया. ४.७४ (विकला आणि पार्सेकवरून सेकंदाला किलोमीटरमध्ये नेणारा स्थिरांक) गुणिले ८.१ गुणिले २.२८, म्हणजे सेकंदाला ८७-८८ किलोमीटर आडवा वेग. त्यात सूर्याच्या चालीचाही वाटा आहे, पण तरी दणदणीत आहे. तापमान पाण्याच्या गोठणबिंदूच्या आगेमागे, आजवर सापडलेल्यांत सर्वांत थंड. एवढ्या वेगाचा बटू दोन-चार कोटी वर्षांचं पोर असण्याची शक्यता फार कमी. पण तीन अब्ज की आठ अब्ज? नाही सांगता येत. २०१४ मध्ये तो सापडला तेव्हा वय एक ते दहा अब्ज धरून वस्तुमान गुरूच्या तीन ते दहा पट असं मांडलं होतं. वयाच्या या सैल टोकांमुळे वस्तुमानही तेवढंच सैल.

उलट बाजू बघा. एखादा बटू सेकंदाला पाच किलोमीटरने रमतगमत चाललाय. तरुण का? सांगता येत नाही. म्हाताऱ्यांच्या घोळक्याचा फैलाव मोठा असला तरी त्यांच्यातलेही पुष्कळ जण मधल्या, मंद भागातच असतात. म्हणजे जास्त वेगावरून निदान "फार कोवळा नाही" एवढं म्हणता येतं. मंद वेगावरून काहीच म्हणता येत नाही. फैलाव हा घोळक्याचा गुण आहे, एकट्याच्या अंगावर तो लिहिलेला नसतो.

तिखट_रॉस

आणि अतिवेगवान असेल तर? २०२१ मध्ये ॲक्सिडेंट नावाचा बटू गाजला होता.

पेडण्याची_पोर

तो आमच्यातल्याच एका हौशी माणसाला सापडला! वेग ताशी सुमारे ८ लाख किलोमीटर, अंतर पन्नासेक प्रकाशवर्षं, वर्णपट कुठल्याच चौकटीत न बसणारा. दहा अब्ज वर्षांहून जुना असावा म्हणतात. २०२४ मध्ये तर ताशी १५ लाख किलोमीटरच्या वर पळणारी एक वस्तू जाहीर झाली, तारा आणि बटू यांच्या सीमारेषेवरची. तीही लोकसहभागातूनच.

डिचोलीचा_मास्तर

पण तिथे हिसक्यांचं गणित लावू नका. ॲक्सिडेंटसारखे तबकडीत हिसके खात सावकाश वेगावलेले नाहीत, आकाशगंगा पुरती तबकडी होण्याआधीच्या पिढीतले असावेत, चाल जन्मापासूनच आडवीतिडवी. आणि २०२४ वाली वस्तू कदाचित गोलाकार तारकागुच्छातून भिरकावली गेली असेल, नाहीतर जोडीदार श्वेतबटूचा, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचा, स्फोट होऊन सुटली असेल. भिरकावलेल्याच्या वेगावरून वय कसं काढणार? वेग म्हणजे झालेल्या अपघाताची नोंद, जन्मतारखेची नाही.

रात्रपाळी

हे मात्र पूर्ण पटलं. म्हणजे एकट्याची पत्रिका नाही, गावाची शिरगणती.

चोडणकर

शिरगणतीला आमच्या फेरीवर कधी येणार ते सांगा. सकाळी आठची घ्या, नमुना भरपूर मिळेल.

केप्याची_काजू

मंडळी, आभारी आहे. उत्तर मिळालं. पुढचं व्याख्यान लिथियमवर आहे म्हणे, तेव्हा पहिल्या रांगेत बसून चहाच्या आधीच हात वर करणार. पेडण्याची पोर, त्या प्रकल्पाचा दुवा मला व्यक्तिगत निरोपात पाठव गो, पाऊस संपायला अजून अवकाश आहे.

पेडण्याची_पोर

पाठवला. सुरुवातीला तेजस्वी ताऱ्यांच्या काट्यांना बटू समजशील, ते चालतं. ठिपका एकाच दिशेने सरकतोय का तेवढं बघ, मागेपुढे नाचत असेल तर सोडून दे.